तीट

आधी मी बोटाने बघतो. डोळ्यांचं नंतर.
डोळा काळ्या रंगाला भितो,
बोट विचारतं, किती खोल?
पॉलिशपुरतं, की पार हाडापर्यंत?

तेक्ले दारात उभी, एकोणीस वर्षांची.
मेज हातगाडीवर, सुतळीने बांधलेलं,
रिओनीच्या पुलावरून दोन मित्रांनी ढकलत आणलेलं.
अख्ख्या अक्रोडाचं. मधोमध
कढईच्या बुडाचा गोल.
"गुरुवारी आई येतेय, ओतिया काका. बारीहून.
चार वर्षांनी."
तिकडे इटलीत कुणा म्हातारीला भरवते तिची आई,
इकडे त्या घासांवर पोरीचं कॉलेज चालतं.
मी म्हटलं, गुरुवार फार जवळ आहे.
मग म्हटलं, ठेव.

जळकं लाकूड खरवडताना घाई चालत नाही.
पातं उभं धरायचं, रेषेच्या कलाने जायचं,
उलट गेलं की लाकूड उसवतं.
आधी कोळसा निघतो, मग तपकिरी भुगा,
मग एक कडवट ओला वास,
जणू झाड अजून कुठेतरी उभं आहे
आणि चिडलंय.
तिथे थांबायचं.

मग स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची,
लाखेची कांडी टेकवायची,
थेंब थेंब खड्ड्यात.
विस्तवाने खाल्लेलं विस्तवानेच भरायचं,
यात गंमत आहे, असं माझा उस्ताद म्हणे.
त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती.

शेवटी तीन केसांचा कुंचला.
रेषा खोट्या काढायच्या, पण अशा
की खऱ्या रेषेने कबूल करावं,
हो, मी इथूनच जाणार होते.

बुधवारी रात्री काम संपलं.
कोपऱ्यात आणखी एक डाग होता, जुना,
नाण्याएवढा. त्याचं कुणी काही बोललं नव्हतं.
हात बसला होता, लाख उरली होती.
तोही काढून टाकला.
पैसे नाही लावले.

शुक्रवारी ननुली दुकानात आली.
मला वाटलं, आभार मानायला.
"मधलं मला ठाऊक आहे,
तेक्लेला खोटं बोलता येत नाही.
कोपऱ्यातला कुठे गेला?"

वीज नसायची ते हिवाळे.
ती आठ वर्षांची. मेणबत्ती थेट मेजावर चिकटवलेली,
सातच्या पाढ्यावर डोळा लागला.
वडिलांनी हात उगारला नाही.
थुंकीने बोट ओलं करून धग विझवली, म्हणाले,
"राहू दे. मेजाला तीट लागली."
"बारीत, म्हातारीला झोपवल्यावर,
मी घरातल्या वस्तू मोजायचे," ननुली म्हणाली.
"त्या कोपऱ्यापासून सुरुवात."

मी काय बोलणार.
कोळसा केरातून गेला होता.
नवा पाडून देता आला असता,
पण तो माझा झाला असता.

कुलूप लावलं, तिच्या मागून गेलो.
पडदे ओढायला सांगितले,
टॉर्च मेजाच्या पातळीवर आडवा धरला.
कितीही भरा, लाख निवताना केसभर खाली बसतेच.
धंद्यातला दोष, गिऱ्हाइकाला सांगत नाही आम्ही.
आडव्या उजेडात कोपऱ्यावर
नखाएवढी सावली पडली.

तिने सावलीकडे पाहिलंच नाही.
डोळे मिटून अंगठा टेकवला.
ओठ हलायला लागले.
सात सक्कं बेचाळीस,
सात सत्ते एकोणपन्नास.
पुढे अडली.

तेक्ले चहाची किटली घेऊन दारात,
कुठे ठेवावी ते न कळून
हातातच धरून,
बोटं बदलत.
"छप्पन्न," ती म्हणाली.